हिरव्या खुणेची गल्ली

९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही हेच ठाऊक नाही, त्यामुळे नमस्कार-चमत्कार नंतर. आधी सांग, सगळे आहात ना?

वादळ तुमच्या किनाऱ्यावर धडकलं त्याला आता आठवडा होत आला. फोन लागत नाही. टॉवर आडवे झालेत म्हणतात. मी शंभरदा लावतो आणि ती बाई शंभरदा सांगते की संपर्क होऊ शकत नाही. टीव्हीवर छपरं उडालेली एक गल्ली दाखवली आणि मी उठून पडद्याला नाक लावलं, कारण कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब मला तुमच्या गल्लीतला वाटला. मग म्हटलं, दिव्याचे खांब सगळीकडे सारखेच असतात. तेवढ्यात त्यांनी दुसरी गल्ली दाखवली आणि तिथलाही खांब मला तुमचाच वाटला.

तू म्हणशील, भागूबाई ती भागूबाईच राहिली. राहिली, मान्य आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने घाबरटच असावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या वतीने मी रोज घाबरतो आणि त्याचाच मला पगार मिळतो. पण ही भीती तसली नाही. त्या भीतीत हातात पाना असतो. आता नुसता बसून आहे.

आमच्या शहरातून मदतीचा ट्रक तुमच्याकडे जातो. ट्रकवाले काका पत्र न्यायला तयार झालेत. उत्तर त्यांच्याच हाती दे. दोन ओळी चालतील. एकही चालेल.

भावोजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तुझा भाऊ


१३ ऑक्टोबर

प्रिय भागूबाई,

आहोत. तिघंही आहोत. ही झाली तुझी एक ओळ. आता बाकीचं वाच.

वादळ आलं तेव्हा आम्ही वरच्या मागच्या खोलीत बसलो होतो, कारण तिला खिडकी नाही. वाऱ्याचा आवाज कसा होता ते विचारू नकोस. कुकरची वाफ सुटली तरी मी अजून आधी छताकडे बघते. मध्येच आख्खं घर हललं. हे मागच्या भिंतीला पाठ लावून उजाडेपर्यंत तसेच उभे राहिले. सासूबाईंना एका कानाने ऐकू येत नाही, त्या म्हणाल्या, "कोण दार वाजवतंय बघ गं." मी म्हटलं, कुणी नाही आई, झोपा. आणि त्या खरंच झोपल्या.

खाली दुकानात कमरेएवढं खारं पाणी शिरलं होतं. पडद्यांच्या कापडाचे तागे फुगून मऊ लगदा झालेत. चारही शिलाई मशिनं गेली. चाक फिरवलं की आतून वाळू करकरते. वीस वर्षांचं दुकान, आणि झाडताना हातात काय येतं तर चिखल आणि बटणं. मला रडायलाही लाज वाटते, कारण शेजारीपाजारी सगळ्यांचंच तसं आहे.

हे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कामात आहेत. गवंडीकाम आणि रंगकाम करणाऱ्याला आत्ता कोण काम देतंय असं तुला वाटेल, पण सिमेंटची दोन पोती कुठूनशी मिळवली आणि इकडेतिकडे डागडुजी चाललीये. घरी येतात तेव्हा हाताला सिमेंट आणि तोंडाला कुलूप.

लवकरच सरकारी पाहणीवाले येणार आहेत. घर बघतात आणि दारावर रंगाची खूण करतात. हिरवी म्हणजे राहा, लाल म्हणजे निघा. लाल झालेली घरं पाडून टाकतात आणि जागाही हातची जाते, अशी इथे बोलवा आहे. मागच्या वादळात पलीकडच्या वस्तीत लाल खुणा झाल्या होत्या, त्यातली कितीतरी माणसं परत आलीच नाहीत. गल्लीत सगळ्यांचं धाबं दणाणलंय. खरं सांगायचं तर वादळापेक्षा त्या रंगाच्या डब्याची जास्त भीती वाटते.

तिकडे काही चौकशी करता आली तर कर. मदत मिळते म्हणतात, पण कोण देतं, कुठे मागायची, कुणालाच पत्ता नाही.

ताई


१७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र ट्रकच्या पायरीवर बसूनच वाचलं. काका म्हणाले, "रडताय कशाला, वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, नाही, चांगली आहे. ते म्हणाले, "मग घरी जाऊन रडा, मला गाडी धुवायचीय."

आज रजा टाकून मदत कार्यालयात गेलो. खिडकीमागची बाई वसकन अंगावर येईल अशी तयारी करून गेलो होतो, पण तिने खुर्ची दिली. आता नीट वाच. राहत्या घराची मदत वेगळी आणि दुकानाची वेगळी. दोन्ही मागता येतात, एक मागितली म्हणून दुसरी कापत नाहीत. दुकानाला मशिनांसाठी मिळते, भिजलेल्या मालासाठीही मिळते. पण सगळं पाहणीवर आहे. पाहणीवाला डोळ्यांनी बघेल तेवढंच धरतात. म्हणून काही फेकू नकोस, काही घासूनपुसून ठेवू नकोस. तुझा हात स्वस्थ बसत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

लाल खुणेचंही विचारलं. लाल म्हणजे पाडणार असं नाही. दुरुस्ती होईपर्यंत आत राहायचं नाही, एवढाच अर्थ. तोवर राहायची सोय ते करतात, भाड्याने खोली घेतली तर भाडं देतात. जागा तुमचीच राहते. मागच्या वेळी परत न आलेल्यांचं काय, तेही विचारलं. ती म्हणाली, बऱ्याच जणांनी नातेवाइकांजवळ दुसरीकडे घर केलं. खरंखोटं तिलाच माहीत, पण बोलताना तिने नजर चुकवली नाही.

आता एक विचारतो. आख्ख्या पत्रात मागच्या खोलीचं पुढे काय झालं ते नाही. घर हललं म्हणतेस आणि लगेच दुकानात उतरतेस. भावोजींना काही लागलंय का? पाठ लावून रात्रभर उभे राहिले, आणि आता बोलत नाहीत. काही मोडलंबिडलं असेल तर लपवू नकोस. मला झोप नाही.

तुझा भाऊ


२१ ऑक्टोबर

प्रिय भागूबाई,

तुझं पत्र काल आलं. पाहणीवाले परवाच येऊन गेले.

हिरवी खूण मिळाली. आमच्या घराला काय, आख्ख्या गल्लीला हिरवी. संध्याकाळी जो तो रस्त्यावर उभा राहून एकमेकांची दारं बघत होता. बेकरीवाल्या वहिनी नवऱ्यामागे एकटीने बेकरी चालवतात, त्यांनी भट्टी पेटवून घरोघरी गरम पाव दिले. यांच्यासमोर उभ्या राहून खूप रडल्या. मला वाटलं, सुटल्याचा आनंद असेल.

पण हिरवी खूण म्हणजे नुकसान नाही, आणि नुकसान नाही म्हणजे मदतही नाही. पाहणीवाला दुकानात म्हणाला, "वहिनी, घर ठणठणीत आहे. मशिनंही चांगली दिसतायत, तेलपाणी करा, चालतील." मी तेलपाणी करून, घासून, ओळीने मांडून ठेवली होती. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायची सवय, काय करणार. चालत एकही नाही. चमकतात मात्र छान.

तुझ्या भावोजींना काही लागलेलं नाही. मागची खोलीही ठीक आहे. तिचं दार तेवढं हल्ली लागत नाही, वरून घासतं. लाकूड फुगलंय, दुसरं काय. सासूबाईंची खाट त्याच भिंतीला आहे आणि त्या ती हलवू देत नाहीत. सकाळी त्यांच्या पांघरुणावर पांढरा भुगा असतो. "मला कोंडा झालाय का गं?" म्हणून विचारतात. दुपारी उन्हं तापली की कुठेतरी टकटक होतं. हे म्हणतात, नवा गिलावा सुकताना आवाज करतोच. मी दुपारी शक्यतो खालीच बसते.

मशिनांपुरती तरी मदत मिळेल का, तेवढं बघ. आणि तू घाबरू नकोस. दोघांनी घाबरायचं म्हणजे फारच झालं.

ताई


२५ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय आणि दर वेळी त्याच ओळीशी अडतो.

नवा गिलावा म्हणालीस. जुन्या घराला आत्ता नवा गिलावा कशाला? सिमेंटची दोन पोती कुठे गेली? आणि लाकूड फुगलं असतं तर एवढ्या उन्हात बसलं नसतं का? मला घरांतलं फारसं कळत नाही. पण लिफ्टचं दार घासायला लागलं की आम्ही दार तासत बसत नाही. आधी माणसं उतरवतो, मग काय सरकलंय ते शोधतो.

भावोजींनी तडा बुजवलाय. होय ना? तुला माहीत आहे आणि मला कळू नये म्हणून तू लाकडावर ढकललंस.

मला राग आलेला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बुजवला असता. मला गिलावा करता येत नाही म्हणून वर कॅलेंडर टांगलं असतं. पण ताई, ती भिंत तुमच्या वरच्या छताला खांदा देऊन उभी आहे, आणि तिच्या पायथ्याशी एक म्हातारी झोपते.

मी कार्यालयात परत गेलो. नाव न घेता त्या बाईला विचारलं, समजा कुणी तडा झाकला असेल तर? ती म्हणाली, "उघडा करा आणि फेरपाहणी मागा. कुणी शिक्षा करत नाही. माणसं मागायलाच येत नाहीत, तीच तर अडचण आहे." फेरपाहणीत मशिनंही पुन्हा बघतील. म्हणजे अजून काहीही हातचं गेलेलं नाही.

आजच्या आज खाट हलव. खाट नाही हलली तर सासूबाईंना उचल. त्या ओरडल्या तर ओरडू देत. हे पत्र भावोजींपासून लपवून वाच असं म्हणत नाही, दोघं मिळून वाचा. पण वाचून झालं की त्या घरात बसू नका.

तुझा भाऊ


२९ ऑक्टोबर

ताई,

ट्रक परत आला आणि तुझं पत्र आलं नाही.

काकांना विचारलं, दिलंत ना? ते म्हणाले, "दिलं की. तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने खिशात घातलं." घर उभं होतं का, विचारलं. "मी गल्लीच्या तोंडाशीच थांबतो, आत कोण जातंय." मग मी विचारलं, भावोजींचा चेहरा कसा होता? काका म्हणाले, "साहेब, मी तांदूळ उतरवत होतो."

आज कामावर दोर तपासताना माझ्या हातून पाना निसटला. खाली कुणी नव्हतं. मुकादमाने मला घरी पाठवलं.

भावोजी, हेही पत्र तुमच्याच हातात पडलं असेल, तर इथून पुढचं तुम्हाला लिहितो. मी तुमच्यापुढे कधी मोठ्याने बोललेलो नाही आणि आताही बोलत नाही, हात जोडतो. त्या खोलीतून तुमच्या आईला काढा. माझ्या बहिणीला काढा. लहान तोंडी मोठा घास घेतला म्हणून रागवायचं असेल तर नंतर हवं तेवढं रागवा, मी समोर येऊन ऐकून घेईन. ऐकवायला तुम्ही सगळे असा म्हणजे झालं.


२ नोव्हेंबर

प्रिय मेहुणे,

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

तुझं आधीचं पत्र मी फोडलं आणि खिशात ठेवलं. तुझ्या ताईला सांगितलं, या खेपेला पत्र आलं नाही. ती म्हणाली, त्याला बरं नसेल. मग तुझ्याच काळजीत बसली. मी बघत होतो आणि गप्प होतो.

तडा खरा आहे. वादळात मी पाठ लावून उभा होतो तेव्हाच तो पाठीला लागला. हात जाईल एवढा. मी तो भरला, गिलावा केला, वर रंग दिला. लाल खूण झाली तर दुकान, घर, सगळंच जाईल असं डोक्यात बसलं होतं. शिवाय गवंड्याच्याच घराची भिंत फुटली हे चारचौघांत दिसू द्यायचं नव्हतं. पाहणीवाल्याने भिंतीवर टिचकी मारली आणि पुढे गेला, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

तुला जे ओळखता आलं नाही ते आता सांगतो. एकटी आमचीच भिंत नाही. बेकरीवाल्या बाई आल्या, भाऊ, माझीही भरा म्हणाल्या. त्यांचं बघून सायकलवाला आला. मग आणखी दोघं. मी सगळ्यांच्या भरल्या. एक पैसा घेतला नाही. गल्लीला हिरवी खूण मिळाली ती माझ्या थापीमुळे मिळाली. तुझ्या ताईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त आपल्या घरातलं माहीत होतं.

तुझं दुसरं पत्र आलं त्या दुपारी मी बेकरीत भट्टीमागे होतो. माझ्याच गिलाव्यावर केसाएवढी रेघ उठली होती. मी बोट टेकवलं तर भिंत आत गेली. जोरात नाही, थोडीशी. इतकी वर्षं भिंतींवर हात फिरवला, भिंतीला घाबरलो कधी नव्हतो. बाहेर आलो आणि रस्त्याच्या मध्येच खाली बसलो.

मग घरी जाऊन तुझी दोन्ही पत्रं तुझ्या ताईपुढे ठेवली आणि बाकीच्या घरांचंही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. आईचं अंथरूण गुंडाळलं आणि म्हणाली, "आई, उठा, बाहेर जायचंय." आई म्हणाली, "वादळ आलं का पुन्हा?" ती म्हणाली, "हो."

आता शाळेच्या हॉलमध्ये आहोत. उद्या मदत केंद्रात जाऊन फेरपाहणी मागायची आहे. त्यानंतर त्या चार घरांत जायचं आहे. ते मला जड जातंय. हिरवी खूण मिळालेल्या माणसाच्या दारात जाऊन, बाबा, लाल घे, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं.

तुझी ताई लिहीत नाही. पेन घेते आणि परत ठेवते. राग माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही.

तुझा भावोजी


६ नोव्हेंबर

भावोजी,

जिवात जीव आला. तुमच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, पण ते आता राहू दे.

सोबत एक कागद पाठवतोय. कार्यालयातल्या बाईने दुकानांच्या मदतीचं सगळं साध्या भाषेत लिहून दिलंय. बेकरी, सायकल दुरुस्ती, शिवणकाम, कुणालाही लागू आहे. दुकान बंद ठेवावं लागलं तर त्या दिवसांचंही काही देतात, हे मला आधी कळलं नव्हतं. दारात जाताना थापीबरोबर हा कागदही न्या. आणि ताईला घेऊन जा. तिला नाही म्हणायची हिंमत माझ्यात तरी कधी नव्हती.

ताई, दोन ओळी लिही. एकही चालेल.


१४ नोव्हेंबर

प्रिय भागूबाई,

या वेळी पेन परत ठेवलं नाही. लिहिते.

पाहणीवाला पुन्हा आला. यांनी त्याच्यासमोर स्वतःचा गिलावा स्वतः खरवडला. खपल्या पडत गेल्या आणि आतून भरलेल्या सिमेंटच्या मागे उजेड दिसला. पलीकडच्यांची वाळत घातलेली चादर दिसत होती मला. पाहणीवाला तरुणच आहे, तो दोन पावलं मागे सरला. "इथे झोपत होतात?" एवढंच म्हणाला. यांनी खाटेकडे बोट दाखवलं आणि मान खाली घातली. दारावर लाल फुली झाली. राहायच्या सोयीचं तिथल्या तिथे लिहून दिलं. मशिनांचंही मंजूर झालं, या वेळी मी त्यांच्यावरचा चिखल पुसला नव्हता. मशिनं कधी येतील ते मात्र कुणी सांगत नाही.

बाकीच्या घरांचं ऐक. सायकलवाल्याने यांना तोंडाला येईल ते सुनावलं आणि मग स्वतःच हातोडा घेतला. दोघांनी काहीच विचारलं नाही. त्यांनाही दुपारी टकटक ऐकू येत असणार, सांगत नव्हते इतकंच. बेकरीवाल्या वहिनी मात्र दार उघडेनात. आतूनच म्हणाल्या, "भरायला तुम्हीच आलात, आता काढायलाही तुम्हीच? माझी भट्टी बंद पडली तर मी काय खाऊ?" हे पायरीवर बसले. उठेचनात. "भट्टी पेटवू नका, तेवढं कबूल करा, मग जातो," एवढंच म्हणत राहिले. मी तुझा कागद घेऊन गेले, दाराबाहेरूनच त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. भट्टीची मदत, भिजलेल्या पिठाची, बंद दिवसांची. मग कागदाची घडी घातली. मी म्हटलं, वहिनी, मलाही भीती वाटते, दुकान जाईल याची वाटते, पण त्या खोलीत जायची त्याहून जास्त वाटते. शेवटी कडी निघाली. त्यांनी यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही दारावर लाल फुली झाली.

आता आम्ही सगळे या हॉलमध्ये आहोत. सतरंज्यांच्या कडा एकमेकींना लागतात. वहिनींचं अंथरूण आमच्याच शेजारी, पण यांच्याशी अबोला. लाल खूण झालेल्यांना घर परत मिळतं असा तुझा कागद म्हणतो. मी तो रोज वाचते. पटतं, आणि थोड्या वेळाने पटेनासं होतं. सासूबाई रोज विचारतात, घरी कधी जायचं. मी म्हणते, लवकर. भीती गेली असं समजू नकोस. ती आमच्याबरोबरच इथे राहायला आलीये.

काल जेवणाच्या रांगेत उभे होतो. गल्लीच्या बाजूने आवाज आला. फार मोठा नाही, एखाद्याने गाडीतून विटा ओताव्यात तसा, आणि लगेच संपला. रांगेतलं कुणी हललं नाही. हातातलं ताट कुणी खाली ठेवलं नाही. वहिनी यांच्या पुढे उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा यांना विचारलं, "माझी की तुमची, भाऊ?"

मी रांग सोडली आणि हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आमच्या गल्लीतलं एकेक माणूस बघत गेले. सगळी इथेच होती.

ताई